गंधकाची वात

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कुंकळ्ळीच्या गोदामात
पहिली बाटली फुटली. मग रात्रभर, अधूनमधून,
घाईत नसलेल्या कुणी
एकेक फटाका लावावा तशा.
सकाळी फरशीवर गोड, लाल पोर्ट, कडेने मुंग्या,
आणि सिप्रियान फुर्ताद, हातात झाडू,
एवढंच म्हणाला : तें मरपाचें ना, बाय.

मला वाटलं, मापात चूक झाली असेल.
वही काढली. टाकी सात, मेटाबायसल्फाइट,
तारीख, वजन, माझीच सही.
चूक नव्हती.
असती तर बरं झालं असतं.

मग ताटल्या मांडल्या. अगर, द्राक्षाची साखर,
आणि सल्फाइट, चढत्या भाजणीने.
बेकरीतून मागून आणलेलं यीस्ट
दुसऱ्याच पायरीवर गप्प झालं.
टाकी सातचं सहाव्या पायरीवरही उगवलं,
भिजल्या साबुदाण्याएवढं,
तीन दिवस उशिरा, पण उगवलं.
उशिरा येणाऱ्यांबद्दल मला आधीपासूनच
जरा जिव्हाळा आहे.

पुण्याहून अहवाल आला, सतरा पानी.
त्यातलं एक पान मी सिप्रियानला समजावलं
पिंपांच्या ओळीत, उलट्या बादलीवर बसून :
पेशीत सोळा गुणसूत्रं. त्यातलं आठवं आणि सोळावं
कधीतरी तुटलं, आणि सांधताना
याचा तुकडा त्याला लागला.
सोळाव्यावर एक जनुक आहे, त्याचं काम
आत शिरलेलं सल्फाइट बाहेर उपसणं. बस.
त्या जनुकाचं अक्षर बदललं नाही.
बदललं ते त्याच्या अलीकडचं, त्याला उठवणारं.
म्हणजे बघ, तुझ्या पडवीच्या दिव्याची तार
कुणी चुकून रस्त्याच्या दिव्याला जोडली, तर?

तो म्हणाला, आणि बिल कुणाच्या नावावर?

मी हसले. रात्री जाग आली तेव्हा कळलं,
सतरा पानांत एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

त्याचा बाप, त्याआधी आजा, फिरंग्यांच्या राज्यात,
रिकाम्या पिंपात गंधकाची वात सोडून
बूच ठोकायचे. आत निळी ज्योत,
दहा मोजेपर्यंत जगायची, म्हणतो.
लाकडाच्या भेगेत जे मेलं नाही ते उरलं,
उरलं त्याने पुढच्या हंगामाचा रस फसफसवला,
आणि पुन्हा वात.
तो सांधा इथंच बसला असं मी लिहून देणार नाही.
पिंपांबरोबर बोटीतून आला असेल,
आमच्या कितीतरी गोष्टींसारखा.
पण पोसला कुणी, हे विचारलं
तर फुर्तादांच्या तीन पिढ्यांना हात वर करावा लागेल,
आणि चौथा माझा.

मडगावहून मालकांचा फोन : डोस वाढवा.
कायद्याच्या रेषेला अजून बोटभर जागा आहे.

टाकीला लावलेल्या शिडीवर सिप्रियान पूड ओततो
आणि खोकतो. बत्तीस वर्षं.
शर्टाच्या खिशात इनहेलर,
जिथं पूर्वी विड्यांचं बंडल असायचं.
वास माझ्यापर्यंत येतो, जळक्या काडेपेटीचा,
मी दोन पावलं मागे सरते, तो सरत नाही.
दिवसाला बारा वेळा पेशी दुणावणाऱ्या किण्वाला
निवड करायला वेळ मिळतो.
माणसाला एकच छाती,
तिच्यात तो उपसा कुणी बसवलेला नाही.
हे मी त्याला समजावलं नाही.
ते पान अहवालात नव्हतं.

वहीत लिहिलं : डोस तोच. गाळणी बदला,
अर्ध्या मायक्रॉनहून बारीक. खर्च जोडला आहे.
खाली सही, नेहमीपेक्षा मोठी आली.
मालक काय म्हणतात ते सोमवारी कळेल.

उरलेलं यीस्ट तिरक्या नळीत, चार अंशांवर,
माझ्या डब्याच्या मागे ठेवलंय.
नळीला नाव लागतं. पेनाने लिहिलं :
फुर्ताद, सात.
त्याला अजून दाखवलेलं नाही.
बिलाचं पुन्हा विचारील.