गार पडली तेव्हा

आधी मी छपरं मोजायचे.
डेटनपासून टोलेडोपर्यंत, शिडी गाडीला बांधून,
गारांचे खळगे खडूनं गोल करत.
छपराला कुणी विचारत नाही,
गार पडली तेव्हा तू कोणाचं होतंस.

मग गुडघे गेले. टेबल मिळालं, हेडफोन मिळाला,
आणि आता माणसांना नेमकं तेच विचारते.

क्लीव्हलँड अ‍ॅव्हेन्यू आणि मोर्स रोडचा कोपरा, फेब्रुवारी.
चालक तेस्फालेम वोल्डू, वय चव्वेचाळीस,
राखाडी कोरोला, मागच्या सीटवर पाण्याच्या आठ बाटल्या,
प्रवाशांनी पाच तारे द्यावेत म्हणून पदरच्या पैशांनी आणलेल्या.
समोरून लोरेटा प्रिबिल, एकाहत्तर, जुनी ब्युइक.
सिग्नल तिचा होता. त्यावर वाद नाही.
चूक कोणाची, हे पाच मिनिटांत ठरलं.
चुकीचे पैसे कोणाचे,
ते घोंगडं सात महिने भिजत पडलंय.

अ‍ॅप बंद असतं, तर तो आपल्या घरचा.
पण अ‍ॅप सुरू होतं, म्हणून घरच्या पॉलिसीनं
कानांवर हात ठेवले: गाडी धंद्याला लावलीत, साहेब.
अ‍ॅप सुरू आणि गाडी रिकामी, तर तो अर्धामुर्धा कंपनीचा.
कव्हरही तसंच, लोरेटाच्या खांद्यातल्या
पट्टीपर्यंत पोचतं, स्क्रूंपर्यंत पोचत नाही.
बोट टेकवून भाडं घेतलं, की तो सबंध कंपनीचा,
मग दहा लाख डॉलर दार उघडून उभे.

भाडं आलं सहा बेचाळीसवर सात सेकंदांनी.
घेतलं गेलं सोळाव्या सेकंदाला.
एअरबॅग फुटली ती
(इथं दोन घड्याळं भांडतात)
फोनचं म्हणतं नंतर, गाडीचं म्हणतं आधी.

मिस्टर वोल्डू, धडकेच्या क्षणी
तुम्ही बोट टेकवलं होतं का?

फोन उडाला, मॅडम. काचेवर आपटला, मांडीवर पडला.
उचलताना लागलं असेल बोट.
किंवा मांडीच लागली असेल.

मांडी, मी टाईप करते.
फॉर्ममध्ये मांडीला रकाना नाही.

तेवढ्यात तिकडे एका डायनरच्या दारात
कुणी डेशॉन नावाचा मुलगा नकाशावरची चिमुकली गाडी बघत होता.
चार मिनिटं.
चार मिनिटं.
चार मिनिटं.
मग त्यानं भाडं रद्द केलं आणि बर्फातून चालत गेला.
हे सगळं नोंदीत आहे. चालत गेला, ते माझं.

मी पुन्हा विचारते, सोपं करून. हो की नाही.

आणि तो म्हणतो,
मॅडम, कुठलं उत्तर दिलं
की त्या बाईंचा खांदा नीट होईल?

बावीस वर्षं मी उत्तरं ऐकतेय.
पहाटे तीनला चर्चला निघालेली माणसं ऐकलीत,
ब्रेकनं दगा दिलेली, हरणानं दगा दिलेली,
स्वतःला वाचवणारं उत्तर शोधत चाचपडणारी.
हे कुणी विचारलं नव्हतं.
रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू.
उत्तर मला ठाऊक होतं. एका अक्षराचं.

म्हणाले, ते मला सांगता येत नाही, सर.
तुम्हाला आठवतं तेवढं सांगा.

टंकलेखकानं पुढं लिहिलंय: शांतता, नऊ सेकंद.

मग: बोटाचं आठवत नाही. बाटल्या गडगडल्या ते आठवतं.
आणि ती बाई. एकाच हातानं खुणा करत होती.
मला वाटलं, रागावलीय.
खिडकी उतरवली तर ती ओरडत होती,
बाहेर ये पोरा, धूर येतोय, आधी बाहेर ये.

जबाब संपला. खाली माझी सही.
निष्कर्षाची चौकट अजून कोरी आहे.
बाटल्यांचं मात्र मी लिहिलं,
कुणी विचारलं नव्हतं तरी:
आठ. एकही फुटलेली नाही.