नमुना बारा-ड

पंच्याऐंशीच्या वरच्यांकडं आयोग घरी येतो.
भरमाणा सुतारांकडं तो आला एप्रिलातल्या एका शनिवारी.
जांबोटीच्या पुढं जीप थांबते तिथून पायी,
काजूची बोंडं तुडवत, त्या आंबूस वासातून:
दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरा,
आणि मी, यादी सांभाळणारा मास्तर,
दोन्ही भाषा येतात म्हणून
दोन्हीकडून बोलणी खाणारा.

यादीत ते भरमप्पा बडिगेर,
रेशनकार्डावर भरमाणा सुतार.
नाव कुणी चुकवलं नव्हतं,
कुणीतरी नुसतं भाषांतर केलं होतं.
रंधा तोच, हात तेच.
गदगच्या मॅडमनी यादी पाहिली, फोटो पाहिला,
माणूस पाहिला, आणि खूण केली.
दुरुस्तीचा अर्ज भरायचा राहिला तो माझ्याकडूनच.

पडवीत, त्यांच्याच कामाच्या ठोकळ्यावर
पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला,
तीन घड्यांचा, दिल्लीत ठरलेल्या मापाचा.
वारा आला. आडोसा आडवा.
"सांधा न्हाई ह्याला," अण्णा म्हणाले,
आणि त्यांचा हात आपोआप पटाशी चाचपू लागला.
मागं काही ठेवायचं नाही, मॅडम म्हणाल्या, नियम आहे.
मी मराठीत सांगितलं.
"नियमाला सांधा हाय. पुठ्ठ्याला न्हाई म्हणून सांग."
मी कन्नडमध्ये सांगितलं.

मग मॅडमनी स्वतःच त्याची एक कड धरली
आणि तोंड फिरवलं,
परसातल्या फणसाकडं.
कॅमेऱ्यानं पाठ केली.
पोलीस आधीच पाठमोरा, बोंडं वेचत होता.

टीव्हीवर दिसतो तो आयोग
लांब टेबलामागं बसतो, तारखा सांगतो.
इथं तो म्हणजे एक बाई,
जी बघत नाही.
बघत नाही, आणि हात सोडत नाही.

कुंपणाशी अण्णांचा मोनाप्पा उभा.
या घराचं मत कुठं जातं ते साऱ्या वाडीला पाठ.
सीमाप्रश्न या घरात जेवायला असतो,
त्याचं ताट वेगळं मांडतात.
रेघ इथून गेली तेव्हा अण्णा बाविशीचे होते.
तेव्हापासून आयोग विचारत आला: कोण?
आणि अण्णा सांगत आले: कुठं.
चिन्हं बदलली, उमेदवार फुटले, एकाचे दोन झाले,
आयोगानं ते उत्तर दरवेळी मोजलं,
चोख, एकही इकडंतिकडं न करता,
'कोण'च्या रकान्यात.

आत दहा मिनिटं झाली.
एका खुणेला दहा मिनिटं.
मॅडमच्या मनगटाला कळ लागली असावी,
त्यांनी हात बदलला, मान नाही.

शेवटी कागद घडीत गेला,
घडी लहान पाकिटात, लहान मोठ्यात.
डिंक अण्णांनी अंगठ्यानं दाबला,
लाकडाला लावतात तसा, कडेकडेनं,
आणि वाळेपर्यंत सोडला नाही.

"अण्णा, आपलंच न्हवं?" मोनाप्पानं विचारलं.
"पुठ्ठ्याला इचार."

मोनाप्पा हसला. मग हसायचा थांबला.
सदतीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच
बापाकडं असं पाहिलं,
जणू तो कुठलातरी पाहुणा आहे
आणि त्याचं गाव विचारायचं राहून गेलंय.

निघताना मॅडमनी चौकटीच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं,
जिथं खाच न् कुसू एकमेकांत बसलेत
आणि फट सापडत नाही.
यांना तुमच्यात काय म्हणतात, विचारलं.
मी सांगितलं.
त्यांच्या गावी काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं,
पण वारा होता, मला नीट ऐकू आलं नाही,
आणि दुभाष्यानं पुन्हा विचारायची लाज वाटली.

पुढच्या घरी वारा नव्हता.
पुठ्ठा आपला आपण उभा राहिला.
तरी मॅडमनी त्याची एक कड धरली
आणि मान वळवली.