तेराचा पाढा

अॅपवर माझं नाव पूर्ण येतं :
फत्तेसिंह तुमच्याकडे निघाला आहे.
खाली नकाशा, नकाशावर मुंगीएवढी गाडी.
लोकांना वाटत असेल, येतोय कुणी किल्लेदार.
दार उघडलं की हेल्मेटमधला मी,
हातात मध्यम आकार, पातळ बूड, जादा चीज.
डहाणूकरमधल्या एका काकूंनी विचारलंही,
"खरंच फत्तेसिंह?"
म्हटलं, हो. बार्शीचा.
बार्शी म्हटल्यावर त्या तुरीच्या डाळीबद्दलच बोलत राहिल्या,
आणि इकडे दोन मिनिटं गेली.

एका खेपेचे बत्तीस.
चौदा खेपा रात्री अकराच्या आत झाल्या
तर वर अडीचशे.
तेरा झाल्या तर तेराच.

बावधनच्या टॉवरमध्ये आमच्यासाठी मागची लिफ्ट.
तीत मी, ओल्या कचऱ्याचे दोन डबे
आणि आरसा काढून नेल्याची चौकोनी खूण.
पुढच्या लिफ्टमधून कुत्रा उतरतो,
मागोमाग त्याचे साहेब.
वॉचमन वहीत लिहितो : नाव, फ्लॅट, आत किती वाजता.
बाहेर किती वाजता, तो रकाना कायम रिकामा.
त्याच्या हिशोबाने मी अजून
अठरा इमारतींमध्येच आहे.

तेर एके तेरा. तेर दुणे सव्वीस.
शाळेत इथेच अडायचो.
आता बत्तीसच्या घरात जाऊनही अडत नाही :
चारशे सोळा.
त्यातून पेट्रोल एकशे नव्वद,
गाडीचा हप्ता रोजचा नव्वद धरून,
खाणावळ ऐंशी.
उरले छप्पन.
"असले छप्पन पाहिलेत," मास्तर म्हणायचे.
मास्तर, रोज एकदा बघतो.
खोलीभाड्याचं महिनाअखेरीला बघू.

नळस्टॉपला पुलाखाली आम्ही सातआठ जण
गाड्यांवर आडवे बसलेले,
प्रत्येकाचा चेहरा खालून उजळलेला.
दहा चाळीस. माझ्या तेरा.
तौफिकच्या नऊ, त्याचं आज काही होणार नव्हतं,
आणि वाजला त्याचाच फोन.
एरंडवणे, दीड किलोमीटर. लोण्यासारखी ऑर्डर.
त्याने फोन माझ्यापुढे धरला.
दोघांनी मिळून सगळीकडे बोटं दाबून पाहिली.
एकाची खेप दुसऱ्याला द्यायचं बटण
कुणी बनवलेलंच नाही.
"सॉरी यार," म्हणाला, आणि किक मारली.
त्याने कशाला सॉरी म्हणायचं?

मला आली दहा त्रेपन्नला.
वारज्याच्या पुढे, पुलाखालून वळसा,
घर नंबर नाही, फक्त 'पिठाच्या गिरणीमागे'.
गिरणी बंद. मागे अंधार, आणि
अंधारात चार पोरी पायरीवर,
मधली वही मांडीवर घेऊन
उद्याच्या पेपरचं काहीतरी घोकत.
चौघींनी वर्गणीचे पैसे मोजून दिले,
सुट्टी नाणी, एक फाटकी वीस.
मी परत मोजले नाहीत.
अकरा चार.

म्हणजे ही चौदावी नव्हे.
अॅपने ती सरळ उद्यात ढकलली,
उद्याच्या पानावर मोठा हिरवा एक.

खोलीवर तौफिकने पिठलं टाकलं होतं.
आमच्याकडे बरणी आहे,
आधी कुणाच्या तरी आईच्या लोणच्याची,
आता उरलेल्या पुड्यांची :
लाल मिरचीचा चुरा, ओरेगॅनो.
गिऱ्हाईकं नको म्हणतात, आम्ही ठेवून घेतो.
तौफिकने पिठल्यावर दोन पुड्या फाडल्या.
वास आला ओव्याच्या लांबच्या भावासारखा.
"किती झाल्या?" त्याने विचारलं.
तोंडात घास होता.
बोटांनी दाखवायला गेलो, दहा, मग तीन,
मग थोडं थांबून
आणखी एक बोट,
अर्धं वाकवलेलं.