नपुंसकलिंगी

संशोधन सगळं एका अनुस्वारावर.
पैंगिणीत पोरगी आली तर "तें आयलें",
बाई झाली की "ती आयली".
मधला उंबरा कुठे?
लग्न, बाळंतपण, की सासू मेल्यावर?

बत्तीस वर्षं विचारत हिंडल्या मोहिनी प्रभुगावकर,
कदंबच्या मागच्या सीटवर, टेपरेकॉर्डर मांडीवर.
पदरात एक पीएचडी,
लिस्बनच्या कुणाच्याशा ग्रंथात अर्धी तळटीप,
ताळगावच्या कपाटात कॅसेटींना बुरशी.

निवृत्तीनंतर परवा गेल्या, सहज.
ब्याण्णव वर्षांची रुकमाय ओसरीवर सुकट निवडत होती.
मान वर न करता आत ओरडली,
"च्या दवर गो, तें आयलें!"

बाईंनी वही काढली. लिहिलं:
वय एकसष्ट. अविवाहित.
तारीख घालायची राहून गेली.