वीतभर

एल्खार्टच्या बाहेर, मक्याच्या शेतांना लागून,
कोंबडीच्या पिल्लांची एक उबवणी होती.
ती बुडाली. मग तिच्या भिंतींना
आम्ही अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकले, करडे, शेकड्यांनी,
आवाज गेला की परतू नये म्हणून.
दमट दिवशी माइकला अजून पिसांचा वास यायचा.

चार पोरं आली मार्चात, गंजक्या व्हॅनमधून.
बँडचं नाव वाटेतच दोनदा बदललेलं.
कर्टिस बाँट्रेगर गायचा. पाळकाचा मुलगा,
गाताना डोळे मिटायचा, बोलतानाही.
ओरी ड्रमवर. दिवसा तो कारखान्यात
फिरत्या घरांच्या छतांना खिळे मारायचा,
तोच ठेका घेऊन संध्याकाळी यायचा.
दहा गाणी, नऊ दिवस, एक गिटार उधारीची.

मी एकेचाळीस वर्षांची.
माझ्या लहानपणीच्या प्रार्थनाघरात वाद्य नव्हतं.
नुसते गळे, चार आवाजांत, उघड्या लाकडी छताखाली.
आजोबा म्हणायचे, तारेला कुठे आत्मा असतो,
ती काय स्तुती करणार?
आणि मी इथे काचेमागे बसून
अ‍ॅम्प्लिफायरची घरघर निवडत होते,
तांदळातले खडे निवडावेत तशी.

कंपनीचा माणूस नॅशव्हिलहून फोन करायचा.
येशूचं नाव किती वेळा आलं?
खरंच मोजायचा तो. साडेतीन मिनिटांत चार? कमी आहे.
सातव्या गाण्यात एकदाही नव्हतं.
मी सांगितलं, सहा.
देव मला क्षमा करो, पण त्याने मानलं.

सातव्याच्या शेवटी सगळं थांबायचं,
आणि कर्टिसने एकट्याने म्हणायचं:
तू आहेस.
मग ओरीचा घाव, मग गिटारी, मग उजेड.

रात्री दोन वाजता, अकराव्या टेकला,
कर्टिस म्हणाला,
तू आहेस ना?

ओरीची काठी हवेतच राहिली क्षणभर.
फ्रीज गुरगुरत होता. कुणीच काही बोललं नाही.
मग घाव पडला, गाणं पुढे गेलं,
आणि तोच टेक सगळ्यांत चांगला निघाला.

त्या हिवाळ्यात त्याचा धाकटा भाऊ
घर सोडून गेला होता, पत्ता न ठेवता.
हे मला फार नंतर कळलं. तेव्हा विचारलं नाही मी.

नॅशव्हिलचा माणूस म्हणाला, तो शेवटचा शब्द काढा.
लोक खात्री विकत घेतात, बाई.

फीत सेकंदाला पंधरा इंच पळायची.
"ना" आणि त्यामागचा श्वास, अर्धा सेकंद.
मी बोटं पसरून मोजलं: बरोब्बर माझी वीत.
ब्लेड तिरकं धरलं, दोन काप, वर चिकटपट्टी.
तू आहेस. धाड!
घाव अर्ध्या मात्रेने आधीच येऊन पडला.
कर्टिसने ऐकलं, कोट घातला,
व्हॅनमध्ये जाऊन बसला.

अल्बम निघाला. फार नाही, पण खपला.
पुढे एकदा भाचीच्या शिबिराला गेले होते,
तळ्याकाठी, तंबू, जळकी बटाट्याची भाजी.
पोरांनी सातवं गाणं धरलं. मी वाट पाहत राहिले.
तू आहेस, म्हणाली पोरं,
आणि ड्रमवाली मुलगी, चौदा वर्षांची, दातांना तारा,
अर्धी मात्रा चुकून पडली.
चुकून नाही. तशीच बसवली होती तिने,
पुन्हा पुन्हा ऐकून, मन लावून.
सगळं मैदान त्या जागी लंगडलं,
त्या रात्रीच्या झोंबीनंतर याकोब लंगडला तसं,
आणि कुणालाच ठाऊक नव्हतं का.

उबवणी आता नाही. मशीन मी विकलं.
ती फीत बिस्किटांच्या डब्यात आहे,
तपकिरी, गुंडाळून, बटणांच्या सोबतीला.
वाजवायला आता काही उरलेलं नाही.
काल टेबलावर सरळ केली, वर हात ठेवला.
सांधे आखडलेत माझे. करंगळी पोचत नाही.
"ना" माझ्या वितीपेक्षा
अर्धं बोट लांब झालंय.