रश्शाची होडी

विदरकोम हॉलमध्ये त्या मे महिन्यात
चोर फार झाले होते,
आणि सगळे घरचेच.

चोरायची वस्तू मात्र एकच:
रश्शाची चांदीची होडी.
मुठीला हंसाची मान, पोटावर घराण्याचं अस्वल,
कुण्या राणीनं कुण्या खापरपणजोबांना
कशाबद्दल तरी दिलेली.
कशाबद्दल, ते जेवताना विचारायचं नसे.

लेडी यूडोरांना ती हवी होती छपरासाठी.
बडं घर, पोकळ वासे; इथं ते अक्षरशः.
पश्चिमेच्या खोलीत अकरा बादल्या,
आणि त्याच खोलीत बिशप उतरायचे होते.
साहेबांना हवी होती बोर्निओच्या एका ऑर्किडसाठी,
जे आजवर कुणासमोर फुललेलं नव्हतं.
भाचा लायोनेल, त्याला अंगठी घ्यायची होती.
मुलगी कोण, ते ठरायचं होतं.

रात्री दीडला तिघं जिन्यावर भेटले,
पायांत नुसते मोजे.
"झोपच येईना," लेडी म्हणाल्या.
"दूध शोधतोय," साहेब म्हणाले.
"मी झोपेत चालतो," लायोनेल म्हणाला,
आणि पुराव्यादाखल भिंतीवर आदळला.

चोराच्या मनात चांदणं.
इथं तिघांत मिळून पौर्णिमा.

मग एकेकानं आपापला गुरुवार गाठला.
होडी नॉरिचला गेली टोपीच्या डब्यातून,
नंतर टोपलीत, शेवाळाखाली,
नंतर लायोनेलच्या कोटात, पाठीवर.
त्या कुबडाची स्टेशनमास्तरनं
फार आस्थेनं चौकशी केली.
तिन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं ती परत.
तिन्ही वेळा कुणी चकार शब्द काढला नाही.

रविवारी ती टेबलावर, मधोमध.
"काय वजन आहे हिला!" लेडी म्हणाल्या.
"आता अशा घडवत नाहीत," साहेब.
लायोनेल बटाट्यांवर रस्सा ओतत राहिला,
बटाटे दिसेनासे झाले तरी.

मी मागं उभी, वाटाण्याचं भांडं धरून.
नऊ वर्षं घासलीय मी ती.
हाताला कळतं कथील.
तरी मार्चमध्ये, आईच्या औषधासाठी,
एप्रनमध्ये गुंडाळून मीही नेली होती.

म्हातारा सावकार चष्म्यावरून बघत राहिला.
"थोरल्या साहेबांनी खरी आणली होती इथं," म्हणाला,
"ही मीच करून दिली त्यांना. चार शिलिंग."
मग औषधापुरते पैसे त्यानं
माझ्या मुठीत कोंबले.

"आणि घरातलं आणखी कुणी आलं तर?"
"येतील की," म्हणाला तो,
आणि काउंटरसमोरची खुर्ची
फडक्यानं पुसून ठेवली.