चुंबळ

निसार म्हणाला, ताई, हिला पन्हळच नाही.
जुन्या गाड्यांच्या छताला कडेनं ओठ असायचा,
त्यात कॅरियरचे पाय अडकवले की झालं.
ही म्हणजे सोललेलं अंडं.

मग चारी दारं उघडून, रबरावरून बोट फिरवत
त्यानं चार जागा शोधल्या,
मी पाठीचे मणके शोधते तशा,
न बघता.
पुढच्या काचेपासून टेप धरला,
खडूनं खूण केली, पुसली, पुन्हा केली.
पाना फिरवताना कान खाली नेला.
"टक् म्हटलं की थांबायचं.
त्यापुढचा जोर पत्र्याला दुखतो."

पन्नास किलो, बजावलं त्यानं, कॅरियर धरून.
माझे दोन दांडे, चार खांब, तळपट्ट्या:
अठ्ठावीस.
लकवा झालेल्या माणसानं
दोन्ही बाजूंनी धरून पाऊल टाकायचे दांडे,
नऊ फुटी, गाडीत कसेही घातले तरी
एक टोक बाहेर.
आजवर छोटा हत्ती सांगायचे,
त्याचं भाडं माझ्या फीपेक्षा जास्त.

विदगावच्या पुलावर तापीवरून वारा आला आडवा
आणि डोक्यावर कुणीतरी शीळ घालू लागलं.
इंजिन असतं तर ऐकूही आलं नसतं.
या गाडीत मुंगी खोकली तरी कळतं.
साठला बारीक, सत्तरला टिपेची,
धानोऱ्यापर्यंत माझे दात शिवशिवले.
समोरचे आकडेही घसरत होते.
एरवी अडावदला पोचते तेव्हा अठ्ठ्याहत्तर उरतात,
आज एकाहत्तर.
सात टक्के वाऱ्यानं खाल्ले,
पावती न देता.

सुपडाबाईच्या खिडकीतून वायर काढली, गाडी लावली.
गाडी भरते तोवर तिनं चालायचं, हा आमचा करार.
चाळीस वर्षं डोक्यावर बांगड्यांची पाटी,
अडावद, वर्डी, पंचक, परत अडावद,
आणि पाटीत फुटकी काच नाही.
संक्रांतीच्या आदल्या दिवशी डावी बाजू गेली.

नातवानं दांडे उतरवले, अंगणात जोडले.
ती तिकडं बघेचना.
गाडीचं छत बघत बसली.
"वझं ते शे. चुंबय कोठे शे?"
मी कॅरियरच्या पायाखालचे रबरी तुकडे दाखवले.
"हाई चुंबय? हाई ते चप्पल शे."

शिळेचं सांगितलं. टक्क्यांचं तिला कळलं नाही,
वाऱ्याचं कळलं.
"नागडा दांडा शे. तो वाजीच."

निसारनं दिलेल्या किल्लीनं
पुढची दांडी सोडवून मी तिच्या मांडीवर ठेवली.
जुन्या लुगड्याचा काठ तिनं फाडला
उजव्या हातानं आणि उरलेल्या दातांनी.
मी म्हटलं, गुंडाळायचं मात्र डाव्यानं.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं
की उधारीवर बांगड्या मागितल्यात मी.

एक वेढा.
तीन बोटं जागा सोडून दुसरा.
तिसरा निसटला, चिंधी मातीत पडली,
नातू वाकला, तिनं डोळे वटारले,
स्वतःच उचलली.
संक्रांतीपासून जी बोटं पाहुण्यासारखी
मांडीवर नुसती बसून होती
ती आता कामाला लागली,
कुरकुरत, चुकत,
मधेच काय करत होतो ते विसरत.
दीड तास. अकरा वेढे. त्र्याऐंशी टक्के.

वहीत लिहिलं: चालणे, शून्य पावले.
त्याखालच्या ओळीत काय लिहावं
ते सुचेना, ती मोकळीच सोडली.

दांडी परत बसवली. टक्.
येताना पुलावर खिडक्या बंद करून कान लावला.
वारा होता. पाण्यावर बगळे तिरके उडत होते.
छत गप्प.
टक्के मात्र पुन्हा तेवढेच गेले,
वाऱ्याचं पोट चिंधीनं थोडंच भरतं?

आठवड्यानं निसारनं नट तपासले.
हे काय गुंडाळलंय, ताई? पावसात कुजेल, काढतो.
नको म्हटलं. चुंबळ आहे ती.
पाचव्या वेढ्यापाशी थोडी सैल आहे,
तिथं हात लावू नका.